उद्याची तारीख माहीत असलेला पाहुणा

पॉम्पेईत जवळजवळ सगळं सापडलं. भट्टीत भाजायला ठेवलेले आणि कोळसा होऊन तसेच राहिलेले ८१ पाव सापडले. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या सापडल्या, पाय न भिजवता रस्ता ओलांडता यावा म्हणून मध्येच बसवलेले उंच दगड सापडले. भिंतींवर रंगवलेला निवडणुकीचा प्रचार सापडला. हेडोनी नावाच्या बाईच्या गुत्त्यातला दर सापडला: एका नाण्यात साधी दारू, दोन नाण्यांत जरा बरी, चार मोजाल तर फालेर्नोची उंची. १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली यांनी राखेतल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतायला सुरुवात केली, तेव्हा तर माणसंच सापडू लागली. कुणी गुडघे पोटाशी घेतलेले, कुणी तोंडावर हात धरलेला. एक गोष्ट मात्र कुठल्याच फावड्याला लागली नाही, ती म्हणजे त्या गावाचा आवाज.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमधल्या ‘बिग फिनिश’ या निर्मितीसंस्थेनं ‘द फायर्स ऑफ व्हल्कन’ नावाचं ध्वनिनाट्य काढलं. दोन सीडी, चार भाग, आणि काळातून प्रवास करणारे दोघं जण इसवी सन ७९ मधल्या पॉम्पेईत उतरतात, एवढी कथा. स्फोटाला एक दिवस उरलेला असतो. मी हे नाटक पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विज्ञानकथा म्हणून ऐकलं. पुन्हा ऐकताना लक्षात आलं की पॉम्पेईजवळ जे नाही नेमकं तेच, आणि तेवढंच, ध्वनिनाट्याजवळ असतं. आपल्याकडे नभोनाट्य आणि श्रुतिका यांच्यावर वाढलेल्या पिढीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. रंगमंच नाही, पडदा नाही, नेपथ्य नाही. आवाजानं सांगितलं की समोर मंदिर आहे, की मंदिर उभं राहतं.

यातला मुख्य प्रवासी म्हणजे ‘डॉक्टर’. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. परग्रहावरचा एक भटक्या. बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसणारं आणि आत भलंमोठं असलेलं ‘टार्डिस’ नावाचं त्याचं यान. आणि त्यातून काळाच्या कुठल्याही टप्प्यावर उतरण्याची सोय. मालिकेच्या जन्मामागे सिडनी न्यूमन या बीबीसीतल्या नाट्यविभागप्रमुखाचा हात होता, आणि मुलांना मजेबरोबर चार गोष्टी शिकायलाही मिळाव्यात असा त्याचा आग्रह होता. म्हणून डॉक्टरबरोबर निघालेल्या पहिल्या प्रवाशांत इयन हा विज्ञानाचा शिक्षक होता आणि बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका. भविष्यात गेलं की इयनचं ज्ञान कामाला यायचं, भूतकाळात गेलं की बार्बराचं. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मार्को पोलो, नीरोचं रोम, ट्रॉयचं युद्ध असे विषय या मालिकेनं हाताळले आणि त्यांतल्या बऱ्याच कथांमध्ये परग्रहवासी राक्षस नव्हतेच. इतिहास हाच पुरेसा धोकादायक होता.

१९६४ मधल्या ‘द ॲझ्टेक्स’ या कथेत बार्बराला तिथले लोक त्यांच्या एका मृत पुरोहिताचा अवतार समजतात. अनायासे हातात अधिकार येतो आणि ती नरबळी बंद करायचं ठरवते. तिचा हिशेब साधा असतो. पुढे स्पॅनिश येणार आणि ही संस्कृती धुळीला मिळणार, हे तिनं वर्गात शिकवलेलं असतं. ही एक क्रूर प्रथा आधीच थांबली तर कदाचित या लोकांचं बाकीचं सगळं वाचेल. डॉक्टर तिला निक्षून सांगतो की इतिहासाला हात लावायचा नाही. ती ऐकत नाही आणि तिचा प्रयत्न फसतो. या मालिकेतलं इतिहासाविषयीचं पुढचं सगळं लेखन कथाकार जॉन लुकारॉटी यांनी तेव्हा घातलेल्या त्या पेचाला उत्तर शोधत आलं आहे, असं माझं मत आहे.

मालिकेच्या सुरुवातीच्या त्या कथांपैकी कितीतरी आज पाहता येत नाहीत. बीबीसीनं त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या, प्रती नष्ट केल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात उपलब्ध नाहीत. ‘मार्को पोलो’चे सातही भाग गेले, ट्रॉयवरच्या ‘द मिथ मेकर्स’चे चारही गेले. पण आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण घरोघरच्या काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून घेतला होता. व्हिडिओ रेकॉर्डर घरात येण्याआधीचा तो काळ. आवडता कार्यक्रम पुन्हा अनुभवायचा तर एवढाच मार्ग होता. पुढे त्याच ध्वनिफितींना निवेदनाची जोड देऊन बीबीसीनं त्या विकायला काढल्या. ट्रॉयच्या वेशीवरचा लाकडी घोडा आज कुणालाच दिसत नाही, ऐकू मात्र येतो. या मालिकेचा इतिहासाशी असलेला संबंध ध्वनिनाट्याच्या रूपात टिकला, त्याची सुरुवात अशा पोरांच्या हातून झाली. संग्रहालयांच्या आधी संग्राहक असतात, हे पुण्या-मुंबईत जुन्या तबकड्या जपणाऱ्यांनाही पटेल.

१९८९ च्या डिसेंबरात मालिका बंद पडली. मधे १९९६ चा एक दूरचित्रपट सोडला तर २००५ पर्यंत पडद्यावर डॉक्टर परतला नाही. या पोकळीत, जुलै १९९९ पासून, ‘बिग फिनिश’नं परवाना घेऊन मूळ नटांनाच बोलावून ध्वनिनाट्यं काढायला सुरुवात केली. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मकॉय या पूर्वी डॉक्टरची भूमिका केलेल्या तिघांना एकत्र आणून पहिलं नाटक झालं. महिन्याला एक या बेतानं चाललेली ती मुख्य माला मार्च २०२१ मध्ये २७५ व्या नाटकावर थांबली. हे सगळं करणारे बहुतेक लोक लहानपणी ही मालिका बघत वाढलेले. पैसा बेताचा, पण रोम उभारायला पैसा लागतच नव्हता. नट वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत, कानाला हेडफोन लावून, समोर संहिता ठेवून उभे राहायचे. साधारण दोन दिवसांत संवादांचं ध्वनिमुद्रण उरकायचं. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मिळाला की मग ध्वनिसंयोजकाचं काम. गर्दी त्यानं घालायची, बाजार त्यानं भरवायचा, ज्वालामुखी त्यानं फोडायचा.

‘द फायर्स ऑफ व्हल्कन’ हे त्या मालेतलं बारावं नाटक. लेखक स्टीव्ह लायन्स, दिग्दर्शक गॅरी रसेल. नाटक पॉम्पेईत सुरू होतं खरं, पण १९८० सालच्या. उत्खननात राखेखालून एक वस्तू निघाली आहे जी तिथं असूच शकत नाही: विसाव्या शतकातलं पोलिसांचं निळं खोकं. डॉक्टरला ही गोष्ट कधीतरी कळलेली असते आणि त्यानं ती मनाच्या तळाशी दडपून ठेवलेली असते. त्यामुळे टार्डिस पॉम्पेईत उतरतं आणि भूकंपाच्या हादऱ्यानं ढिगाऱ्याखाली गाडलं जातं, तेव्हा बाकीच्यांना अपघात वाटतो, त्याला शेवट दिसतो. आपलं यान इथं गाडलेलं सापडलं, याचा अर्थ आपण इथून सुटलो नाही.

काळप्रवासाच्या बहुतेक कथांमध्ये प्रवाशाला दुसऱ्यांचं भविष्य ठाऊक असतं आणि स्वतःचं नसतं. म्हणून तो सुरक्षित असतो. दया दाखवू शकतो, हळहळू शकतो आणि निघून जाऊ शकतो. लायन्स यांनी त्याच्या खालची ती पायरी काढून घेतली. हा डॉक्टर पॉम्पेईकरांइतकाच अडकलेला आहे, फरक इतकाच की त्यांना ठाऊक नाही आणि त्याला आहे. सिल्व्हेस्टर मकॉय यांचा आवाज इथे जे करतो ते ऐकण्यासारखं आहे. ते आवाज चढवत नाहीत. उलट वाक्यांच्या शेवटी तो खाली बसत जातो. थकलेला माणूस जिना उतरताना कठड्याला हात लावत जातो तसा. त्याच्यासमोर मेलनी. बॉनी लँगफर्ड यांनी १९८६-८७ मध्ये पडद्यावर रंगवलेली ही मुलगी तेव्हा किंकाळ्यांसाठीच लक्षात राहिली होती. इथे ती हट्टानं आशावादी आहे. मार्ग असणारच, शोधू या, म्हणते. नाटकाचा सगळा ताण या दोन स्वरांत आहे, एक खाली ओढणारा आणि एक वर.

आणि भोवती ते गाव. हेडोनीच्या गुत्त्यात डॉक्टर मुरानस नावाच्या एका मल्लयोद्ध्याबरोबर फासे खेळतो आणि जिंकतो. कुस्तीच्या आखाड्यातला माणूस चारचौघांत हरलेला खपवून घेत नाही, तसा हा रोमन ग्लॅडिएटरही घेत नाही. तो सूड घ्यायला मागे लागतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाच्या गावावर उद्या डोंगर कोसळणार आहे, तो आज एका डावावरून रक्त पेटवून बसला आहे. त्याला हसावं असं नाटकात कुठेही सुचवलेलं नाही. त्याचा मानापमान खरा आहे. उद्या नसलेल्या माणसालाही आजचा अपमान झोंबतोच. दृश्य असतं तर आपण डोंगराकडे बघत बसलो असतो. मागे धूर दिसला असता, दिग्दर्शकानं कॅमेरा वर नेला असता. इथे फक्त फासे आणि एक चिडलेला आवाज आहे, आणि त्या क्षणी आपणही डोंगर विसरतो. ही विस्मृती साधणं हीच या नाटकाची मोठी कमाई.

अग्लाए ही गुलाम मुलगी, युमाकिया ही पुरोहित स्त्री, सेल्सिनस हा राजकारणी. यातली काही नावं लेखकानं शिलालेखांतून उचलली आहेत. इसिस देवीचं मंदिर इसवी सन ६२ च्या भूकंपात पडलं होतं. ते न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस यानं स्वखर्चानं पुन्हा बांधलं आणि म्हणून नगरसभेनं त्याला विनाशुल्क सभासद करून घेतलं, असं मंदिराच्या दारावरचा लेख सांगतो. त्यात त्याचं वय दिलं आहे: सहा वर्षं. पैसा अर्थातच बापाचा. बाप गुलामगिरीतून मुक्त झालेला होता, त्यामुळे त्याला स्वतःला पद मिळणं शक्य नव्हतं; म्हणून त्यानं मुलाच्या नावानं मंदिर उभारलं. एका माणसाची अख्खी महत्त्वाकांक्षा त्या चार-दोन ओळींत कोरलेली आहे. लायन्स यांनी त्या पोराला मोठं केलं आणि बोलायला लावलं. युमाकियाची गोष्ट जरा वेगळी. चौकातली भव्य इमारत बांधणारी खरी युमाकिया आधीच्या पिढीतली, ती ७९ सालापर्यंत हयात असण्याची शक्यता कमीच. इतिहासाच्या काटेकोर वाचकाला हे खटकेल. मला खटकत नाही. दगडावर नुसतं नाव उरलेल्या बाईला दोन तास रागावता आलं, बोलता आलं.

नाटकातला स्फोट २४ ऑगस्टचा आहे, प्रत्यक्षदर्शी धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या रूढ पाठाप्रमाणे. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्याची तारीख सापडली आणि स्फोट ७९ सालच्या ऑक्टोबरअखेर झाला असावा, या मताला बळ मिळालं. म्हणजे आज हे नाटक लिहिलं तर डॉक्टर दोन महिने उशिरा यायला हवा. प्लास्टरच्या माणसांबद्दलही असंच. ‘सोन्याच्या कंकणाचं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत सापडलेल्या, हातात कंकण असलेल्या आणि मांडीवर मूल असलेल्या व्यक्तीला सगळे आई समजत आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानं दाखवलं की तो पुरुष होता आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. पन्नासेक वर्षं माणसं त्या आकृतीला एक गोष्ट जोडत होती आणि तिला वस्तुस्थिती म्हणत होती. ध्वनिनाट्य तेच करतं, फक्त ते उघडपणे सांगून करतं.

हाच विषय २००८ मध्ये बीबीसीनं पडद्यावर आणला, ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’ या भागात. चित्रीकरण रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झालं. तिथे पाषाणाचे अग्निराक्षस आहेत, भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया आहेत आणि स्फोट घडवण्याचा निर्णय शेवटी डॉक्टरवरच येऊन पडतो. त्याची सोबतीण डोना रडून त्याच्याकडे एवढंच मागते की एका कुटुंबाला तरी वाचव. तो प्रसंग हेलावणारा आहे, यात शंका नाही. तरी मला ध्वनिनाट्यच जवळचं वाटतं, कारण तिथे राक्षस नाहीत. डोंगर फुटतो तो फुटायचा म्हणून फुटतो, त्याला खलनायक लागत नाही. निसर्गाच्या कोपामागे कुणाचा तरी कट शोधणं ही आपली जुनी खोड आहे. लायन्स यांनी ती भागवली नाही. शेवट काय होतो ते मी सांगत नाही. १९८० च्या त्या निळ्या खोक्याचं कोडं त्यांनी प्रामाणिकपणे सोडवलं आहे, एवढं सांगतो.

याच मालेत ‘द काउन्सिल ऑफ नायसिया’ नावाचं एक नाटक आहे, २००५ सालचं. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली. ख्रिस्त हा देवपित्याशी एकरूप की त्यानं निर्माण केलेला, असा वाद होता. एरियस एका बाजूला, अथनेशियस दुसऱ्या. एरियस हरला हे डॉक्टरला ठाऊक आहे. पण त्याच्याबरोबर एरिमेम आहे, आणि ती इजिप्तची, इसवी सनापूर्वी सुमारे १४०० मधली. तिला एरियसवर अन्याय होतोय असं वाटतं आणि ती त्याच्या बाजूनं उभी राहते. आता डॉक्टरनं तिला कसं समजवावं? त्याच्यासाठी नायसिया हा घडून गेलेला इतिहास आहे, तिच्यासाठी सतराशे वर्षं पुढचं भविष्य. भविष्य तर बदलता येतं ना? ‘इतिहास बदलायचा नाही’ या नियमात ‘कुणाचा इतिहास’ हा प्रश्न दडलेला होता, तो इतक्या वर्षांनी एका इजिप्शियन मुलीमुळे वर आला. लेखिका कॅरोलाइन सिमकॉक्स या पुढे धर्मगुरू झाल्या. धर्मशास्त्राची चर्चा इतक्या जीव तोडून लिहिली गेली आहे, याचं आश्चर्य वाटत नाही. सम्राट, बिशप, रस्त्यावरचा जमाव हे सगळे एका शब्दासाठी भांडत आहेत, आणि कानानं ऐकताना ते भांडण जितकं पेटतं तितकं पडद्यावर पेटलं नसतं.

‘फेअरवेल, ग्रेट मॅसेडॉन’चा उल्लेख थोडक्यात करतो. सिकंदराच्या अखेरच्या दिवसांवरची ही संहिता मॉरिस फार्ही यांनी साठच्या दशकात लिहिली होती, ती कधी चित्रित झालीच नाही. २०१० मध्ये ‘बिग फिनिश’नं ती ध्वनिरूपात आणली, मूळ मालिकेतले विल्यम रसेल आणि कॅरोल ॲन फोर्ड यांनी ती सादर केली. तिच्यात सिकंदराच्या दरबारी एक भारतीयही आहे: कलनस, तक्षशिलेहून त्याच्याबरोबर गेलेला तपस्वी, जो सूसा इथे स्वतः चितेवर चढला असं ग्रीक लेखक नोंदवतात.

मराठीत हा धागा आपल्या ओळखीचा आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’मधले इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे पानिपत जिंकलेले आहेत. पंत काही बदलायला जात नाहीत. बदललेलं जग पाहतात आणि हातात बखरीचा एक तुकडा घेऊन परततात. ही कथा श्रुतिकेसाठी घडवल्यासारखी आहे. ऐकण्याच्या पुस्तकांची बाजारपेठ मराठीत २०१७ नंतर चांगली वाढली, नट आहेत, स्टुडिओ आहेत, प्रवासात कानात गोष्ट लावून ऐकणारा श्रोताही आहे. आपल्याकडे काळप्रवासाचं, प्राचीन काळात उतरणारं, नीट संशोधन करून लिहिलेलं ध्वनिनाट्य मात्र मला हवं तेवढं मिळत नाही.

आणि त्यासाठी पॉम्पेई परकं मानायचं कारणच नाही. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची साधारण २४ सेंटिमीटर. अंगभर दागिने, पायांशी दोन्ही बाजूंना दोन छोट्या परिचारिका, डोक्यातून खाली गेलेलं एक भोक. कशाची तरी मूठ किंवा पाय म्हणून ती बसवलेली असावी. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्या बहिणी शोभाव्यात अशा हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तेर म्हणजे तगर. पैठण आणि तगर इथून माल गाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचला नेला जातो, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या टिपणात, ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलं आहे. पॉम्पेईची ती मूर्ती भोकरदनच्या परिसरातच कोरली गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

म्हणजे राखेखाली गेलेल्या त्या गावात आपल्याकडचं काहीतरी होतं. मला कुणीतरी ही श्रुतिका लिहून हवी आहे. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन. हस्तिदंतावर चालणारी कानस, बाहेर बैलगाड्या जुंपण्याची घाई, भडोचच्या दलालाची घासाघीस. सगळं आवाजात करता येण्यासारखं आहे, दोन दिवसांचं ध्वनिमुद्रण आणि पाच-सहा चांगले नट एवढ्यात भागेल. या काळातला एक पुरातत्त्वज्ञ त्या कार्यशाळेत येऊन पोचलेला असेल. समोरची मूर्ती त्यानं नेपल्समध्ये काचेआड पाहिलेली असेल, आणि ती कुठे जाणार, तिच्या मालकाच्या घरावर काय कोसळणार, हे त्याला ठाऊक असेल. मूर्ती चिंध्यांत गुंडाळता गुंडाळता कारागीर त्याला विचारेल, “तुम्ही तिकडचे दिसता. तिकडं लोकांना आवडतं का हो आमचं काम?”